हात तोच, रोजी निराळी

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होऊन बसतो : मुलास पुढे काय करावयास लावावे? बहुतेक पत्रांत प्रश्नाबरोबर उत्तरही लिहिलेले असते. आमची केवळ संमती हवी असते. अभियांत्रिकी की वैद्यकी, पुणे की मुंबई, एवढाच काय तो वाद. या वेळी मात्र अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातून आलेले एक पत्र निराळे निघाले. त्यातील प्रश्नाचे उत्तर अनेक कुटुंबांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून या महिन्याचे सदर आम्ही त्यासच देत आहोत. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तथापि बोलण्यात 'नगर' हा शब्द कायम आहे, म्हणून पुढे आम्हीही तोच वापरू.)

पत्र लिहिणारे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक आहेत. घर एकत्र, तीन पिढ्या एका चुलीवर. त्यांच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव यंदा बारावी झाले. गुण बरे आहेत, परंतु पुस्तकात मन नाही. मोडके स्टूल, सैल झालेली बिजागरी, न लागणारे कपाटाचे दार, जे हाती लागेल ते नीट करीत बसण्याचा मुलास लहानपणापासून नाद. आता त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, सुतारकाम शिकण्याचा हट्ट धरला आहे. मुलाचे वडील गप्प आहेत. मातोश्री म्हणतात, 'सुतार आपल्या घरी कामाला येतो, आपण कोणाकडे कामाला जावे काय?' आणि स्वतः पत्रलेखक विचारतात, 'मानाचे राहू द्या. पण या धंद्यात मिळते तरी किती? नगरला एक सांगतात, पुण्याला दुसरे, आणि परदेशचे आकडे ऐकले तर विश्वास बसत नाही. खरे काय समजावे?'

मातोश्रींच्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी वळू. आधी काकांच्या प्रश्नाचा विचार करू, कारण तो सरळ असूनही सरळ उत्तर देता येण्याजोगा नाही. 'सुतारास किती मिळते' या प्रश्नापूर्वी 'कोठे' हा प्रश्न आहे, आणि 'कोठे' याच्याही आधी 'कोणते काम, आणि कोणत्या कराराने' हा प्रश्न आहे. डॉक्टराची किंवा शिक्षकाची मिळकतही स्थलपरत्वे बदलते. परंतु सुताराच्या बाबतीत हा फरक एवढा मोठा आहे, की एकाच माणसाने एकच चौकट दोन गावी बनविली तर दाम दुप्पट व्हावा किंवा निम्म्यावर यावा. रंधा तोच, पटाशी तीच, गुण्या तोच. मग दामात फरक का पडतो, हे ज्यास कळले त्यास आपल्या मुलास काय सांगावे हेही कळेल.

जुन्या गावगाड्यात सुताराची रोजी बाजारात ठरतच नसे. बारा बलुतेदारांच्या तीन ओळींत सुतार थोरल्या ओळीतला, म्हणजे ज्यांच्यावाचून शेतीचे पाऊल पुढे पडावयाचे नाही अशांपैकी होता. नांगर, कुळव, पाभर, कोळपे यांची डागडुजी त्याने वर्षभर करावयाची. लाकूड शेतकऱ्याचे, हात सुताराचा. आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा त्याने न्यावयाचा. नवी गाडी किंवा घराचे काम निघाले, तर त्याचा हिशेब निराळा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात ही व्यवस्था तिच्या गुणदोषांसह वर्णिलेली आहे. तिच्यात सुतारास आधार होता, हे खरे. परंतु त्याच्या कौशल्याची किंमत त्यास मिळत नसे, हेही तितकेच खरे. पिकाबरोबर बलुते बुडे. ज्या गावी पाऊस तेथे सुतार सुखी, आणि ज्या गावी अवर्षण तेथे कितीही कसबी सुतार उपाशी. म्हणजे प्रदेशाप्रमाणे मिळकत बदलण्याचा प्रकार आजचा नव्हे. पूर्वी तो पावसावर अवलंबून होता, आज तो इतर गोष्टींवर आहे.

पुढे ही कामेच गावातून उठली. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणिला आणि लाकडी नांगराचे दिवस भरत आले. विहिरीवर इंजिने व विजेचे पंप बसले, मोट गेली, आणि मोटेच्या चाकाचे कामही गेले. बैलगाडीचा तुंबा, आरे आणि वर लोहाराने चढविलेली धाव, ही जोडी रबरी टायरांपुढे टिकली नाही. साखर कारखान्यांवर उसाच्या गाड्या लागतात त्याही आज टायरांवरच धावतात. शेतातले काम संपले तेव्हा सुतार घराकडे वळला, आणि जेथे घरे बांधली जात होती तिकडे तो चालू लागला.

नगर जिल्ह्यापुरते पाहू. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. परंतु हा एक जिल्हा नसून दोन आहेत असे म्हटले तरी चालेल. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या व गोदावरीच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांत ऊस आणिला. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५० साली सुरू झाला, आणि त्यामागून कारखान्यांची रांग लागली. उसाचा पैसा रोख येतो. रोख पैसा आला म्हणजे माळवदाचे घर जाऊन स्लॅबचे घर येते, घरात कपाटे येतात, स्वयंपाकघरास ओटा व खण येतात. शिर्डीस तर यात्रेकरूंच्या निवासांची वाढ सतत चालूच असते, आणि प्रत्येक खोलीस पलंग, दार, कपाट लागतेच. उलट जामखेड, कर्जत, पाथर्डी या बाजूस पावसाचा भरवसा नाही. तेथे बांधकाम निघते ते चांगले वर्ष आले तर, नाहीतर पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलाने पैसे पाठविले तर. त्यामुळे राहत्याचा सुतार आणि जामखेडचा सुतार यांच्या रोजीत जो फरक दिसतो, त्याहून मोठा फरक त्यांच्या कामाच्या दिवसांत असतो. रोजी विचारणारे पुष्कळ. वर्षातून दिवस किती भरतात हे विचारणारे थोडे. आमच्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आता काम कोणते, ते पाहू. आज सुतारकाम या एका नावाखाली निदान चार धंदे नांदतात. पहिला दारे, खिडक्या, चौकटी व घरदुरुस्ती यांचा. हा बहुधा रोजावर चालतो. गावात ओळख असेल तर काम तुटत नाही, परंतु रोजी वाढतही नाही. दुसरा फर्निचरचा. यात आता सागवानापेक्षा प्लायवूड व लॅमिनेट यांचेच राज्य असून काम चौरस फुटाच्या दराने उक्ते दिले जाते. हात जलद असेल व आखणी चोख असेल तर येथे चांगला पैसा मिळतो. माप चुकले तर वाया गेलेल्या फळीचा भुर्दंड सुताराच्याच माथी. तिसरा शटरिंगचा, ज्यास आपल्याकडे सेंट्रिंग म्हणतात : स्लॅब व खांब ओतण्यापूर्वी फळ्यांचा साचा उभा करणे. काम जड, उंचीवरचे व धोक्याचे. मागणी मात्र मोठी. चौथा पॅटर्नचा. लोखंडाचे ओतकाम करावयाचे तर आधी त्या वस्तूचा हुबेहूब नमुना करावा लागतो, आणि पुष्कळदा तो लाकडाचा असतो. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या शहरी हा कारागीर कारखान्याचा माणूस होऊन बसतो. त्यास नकाशा वाचता यावा लागतो, आणि थंड होताना धातू किती आकसेल याचा हिशेब नमुन्यात आधीच धरावा लागतो. याशिवाय जुन्या वाड्यांची कोरीव दुरुस्ती, रथ, देव्हारे अशी थोडी परंतु मानाची कामे आहेत. या चारांची मिळकत एका आकड्यात सांगणे म्हणजे वकील, कारकून व पोस्टमन यांचा 'लेखणीवाल्यांचा पगार' म्हणून एकच आकडा सांगण्यासारखे आहे.

आता प्रदेशाकडे वळू. रिझर्व्ह बँक राज्यांविषयी जी आकडेवारी प्रसिद्ध करते, तीत ग्रामीण भागातील बांधकाम-मजुरांची सरासरी रोजी दिलेली असते. हे आकडे एकट्या सुतारांचे नव्हेत, परंतु वाऱ्याची दिशा त्यांवरून कळते. २०२१-२२ साली ही सरासरी केरळात सुमारे ८३८ रुपये होती, तामिळनाडूत सुमारे ४७९, महाराष्ट्रात सुमारे ३६२, गुजरातेत सुमारे २९६ आणि मध्य प्रदेशात सुमारे २६७. संबंध देशाची सरासरी सुमारे ३७३ रुपये. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकवार पाहावेत. आमचा महाराष्ट्र उद्योगांत पुढे असूनही देशाच्या सरासरीच्या खाली. गुजरात त्याच्याही खाली. आणि ज्या केरळात मोठे कारखाने मोजकेच, तेथील मजूर महाराष्ट्रातील मजुराच्या दुपटीहून अधिक मिळवितो.

याचा अर्थ असा, की प्रांताच्या श्रीमंतीने मजुराची रोजी वाढतेच असे नाही. केरळातील माणसे १९७० नंतर मोठ्या संख्येने आखाती देशांत गेली. मागे कसबी हात कमी उरले, आणि परदेशातून आलेल्या पैशाने घरे मात्र भराभर उठू लागली. जे उरले ते शिकलेले होते, संघटित होते, आणि कमी दामास नाही म्हणण्याइतके त्यांचे घर भरलेले होते. म्हणून आज बंगाल, आसाम, ओडिशा येथील मजूर एवढा लांबचा प्रवास करून केरळात जातात. जेथे माणसे थोडी, काम फार, आणि नाही म्हणण्याची ताकद आहे, तेथे रोजी चढते. जेथे कामासाठी दहा जण दाराशी उभे, तेथे ती उतरते, मग मालकाचे घर कितीही मोठे असो. पुण्यातील फर्निचरच्या कामावर आज राजस्थानचे सुथार व उत्तर प्रदेशाचे कारागीर ठायी ठायी दिसतात, याचेही कारण हेच. आमचे परंपरागत सुतार आपल्या मुलांस शाळा-कॉलेजांत घालीत आहेत, आणि तो त्यांचा हक्कच आहे. परंतु रिकामी झालेली जागा आमच्या इतर घरांतील मुलांनी घेतली नाही, ती लांबून आलेल्या मुलांनी घेतली.

कायदाही प्रदेश पाहतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने राज्यांस निरनिराळ्या धंद्यांचे किमान दर ठरविण्याचा अधिकार दिला, आणि २०१९ च्या वेतनसंहितेनेही किमान वेतनाचे तत्त्व कायम ठेविले. महाराष्ट्रात हे दर शहरी व ग्रामीण भागांची परिमंडळे पाडून, आणि कुशल, अर्धकुशल व अकुशल असे वर्ग करून ठरविण्याची रीत आहे. म्हणजे एकाच कुशल सुताराचा सरकारी किमान दरही महानगरात एक आणि तालुक्याच्या खेड्यात दुसरा. हा दर खालची मर्यादा दाखवितो. चांगल्या सुताराने तेथे थांबावयाचे नसते.

'मग मुलास पुण्यासच धाडावे काय?' असे कोणी विचारील. येथे पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. केवळ हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू; हे कोणत्याही गावचे प्रत्यक्ष दर नव्हेत. समजा, तालुक्याच्या गावी रोजी ८०० रुपये आणि महिन्यात २२ दिवस काम : मिळकत १७,६०० रुपये. समजा, शहरात रोजी १,१०० आणि दिवस २६ : मिळकत २८,६००. वरवर पाहता अकरा हजारांचा लाभ. परंतु शहरात खोलीतला वाटा, खाणावळ, कामावर जाण्या-येण्याचे भाडे आणि महिन्याकाठी घरी एक खेप, हा जास्तीचा खर्च दहा हजार धरला, तर हाती उरतात १८,६००. लाभ राहिला एक हजाराचा, आणि घरच्या जेवणाची, आजारपणात उशाशी बसणाऱ्या माणसाची किंमत तर आम्ही धरलीच नाही. एकत्र कुटुंबाचे हे बळ आहे. ज्याच्या पाठीशी घर आहे त्यास गावातील कमी रोजीही पुरते, आणि ज्याच्या पाठीशी नाही त्यास शहरातील जास्त रोजीही अपुरी पडते.

तथापि शहरात जाण्याचा खरा लाभ या वजाबाकीत दिसत नाही. शहरात मुलगा नवी यंत्रे पाहतो, नकाशावरून काम करावयास शिकतो, अंदाजपत्रक कसे मांडतात ते पाहतो. म्हणून आमचे मत असे, की शहर मिळकतीसाठी नव्हे, तर शिक्षणासाठी गाठावे. दोन-तीन वर्षे चांगल्या मेस्त्रीच्या हाताखाली काढावीत आणि मग संगमनेर, श्रीरामपूर किंवा नगर येथे येऊन स्वतःचे दुकान घालावे. शहरातील कसब आणि गावातील खर्च ही जोडी जमली, तर एकट्या शहरापेक्षा ती किफायतीची ठरण्याचा संभव अधिक.

परदेशचे आकडे पत्रलेखकांस अविश्वसनीय वाटतात. ते खोटे नाहीत, परंतु अपुरे आहेत. अमेरिकेच्या श्रमखात्याच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली तेथील सुतारांची मध्यम वार्षिक मिळकत ५६,३५० डॉलर होती, म्हणजे निम्म्यांस याहून अधिक व निम्म्यांस याहून कमी. त्या देशातही हवाई किंवा इलिनॉय येथे दर चढे, आणि दक्षिणेकडील काही राज्यांत बरेच उतरते. कारणे तीच : हातांची टंचाई, संघटना, आणि राहणीचा खर्च. परंतु तेथे जाऊन सुतारकी करणे आमच्या मुलांस सहज साध्य नाही. आखाती देशांचा रस्ता जुना आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या कामगारास ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. नोंदणीकृत दलालास सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक घेता येत नाही. याहून अधिक मागणाऱ्याच्या दारी उभे राहू नये. २०२३ साली इस्रायलशी करार होऊन त्यापुढील वर्षी बांधकामावरील कारागीर तिकडे नेण्यात आले, त्यांत शटरिंगचे सुतारही होते. पगार मोठा, परंतु देश युद्धात सापडलेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात जर्मन भाषा येणे ही मुख्य अट. ज्या घरात संस्कृत, इंग्रजी, क्वचित जर्मनही शिकविली जाते, त्या घरातील सुतारास ही अट जड जाऊ नये. आजच्या सुताराच्या पेटीत करवत, वाकस, गिरमिट यांच्याबरोबर एखादी परभाषाही असावी, असे आम्हांस वाटते.

आता शिक्षणाविषयी. नगरास कसबी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. येथील अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर दिनशा माणेकजी पेटीट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालविली. तीत सुतारकाम शिकविले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल नामक अमेरिकन अभियंत्याने याच नगरात सुधारलेला हातमाग तयार केला. आज आय.टी.आय.मधील सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. एका वर्षात सुतार होत नाही; अवजार धरावयास, त्यास धार लावावयास आणि माप चुकू न द्यावयास मुलगा शिकतो. त्यापुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कारखान्यात उमेदवारी मिळाली तर ती अवश्य घ्यावी.

सरकारी साहाय्याचाही उल्लेख करणे अवश्य आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे धरले असून सुतारकाम त्यांपैकी एक आहे. स्वतंत्रपणे हातकाम करणाऱ्या कारागिरास अवजारांकरिता १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये, आणि तारणावाचून प्रथम १ लाख व पुढे २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची मांडणी आहे. बांधकामावर काम करणाऱ्याने वर्षात ९० दिवस भरल्यावर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून ठेवावी. आमच्याकडील माणसे अशा नोंदणीचा कंटाळा करितात, आणि अपघात झाल्यावर धावपळ करितात.

कारण धंद्याची काळी बाजूही मुलास आधीच सांगितली पाहिजे. यंत्रकरवतीने बोटे जातात. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसास वाईट असून ती कर्करोगास कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच मान्य केले. तरी तोंडावर पट्टी न बांधता काम करणारेच अधिक दिसतात. गुडघे व कंबर पन्नाशीच्या आत कुरकुरू लागतात. निवृत्तिवेतन नाही. केलेल्या कामाचे पैसे महिनोन्महिने अडकतात. उचल घेऊन बसलेला सुतार मालकाच्या मर्जीबाहेर जाऊ शकत नाही. मिळकतीचा हिशेब करताना यांतील प्रत्येक गोष्टीस रुपयांत किंमत आहे असे समजून चालावे.

आता मातोश्रींचा प्रश्न. त्यांचा राग करण्याचे कारण नाही. ज्या काळी त्या वाढल्या त्या काळी हाताने काम करणारा एक वर्ग आणि लिहिणारा दुसरा, अशी भिंत होती, आणि त्या भिंतीच्या अलीकडे आपण होतो. परंतु भिंत कोणी पाडलीच नाही असे नव्हे. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा वर उल्लेख आला, ते आपल्याच वर्गातले. १८८८ साली त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान घातले तेव्हा त्यांचेही हात तेलाने माखलेच असतील. आज मुलगा कोणाच्या घरी 'कामाला' जातो म्हणून मान जातो काय? संगणकावर काम करणारे चिरंजीव परक्या देशातील धन्याचे काम रात्री जागून करितात, तेव्हा आपण पेढे वाटतो. काम दुसऱ्याचेच, फरक इतकाच, की तेथे धनी दिसत नाही.

आणि या लाजेस किंमत पडते, हेही सांगितले पाहिजे. सुताराच्या मुलापाशी पुष्कळदा कसब असते, भांडवल नसते. अंदाजपत्रक लिहिण्याची, नकाशा काढण्याची, बँकेशी बोलण्याची सवय नसते. शिकलेल्या घरातील मुलापाशी या गोष्टी जन्मतः असतात. त्यास कसब मिळवावे लागते, आणि ते मिळाले तर त्याची मिळकत रोजावर न राहता उक्त्या कामावर व पुढे स्वतःच्या कारखानदारीवर जाते. म्हणून घरातील मोठ्यांनी मान खाली घालून, 'करतोय काहीतरी' असे चारचौघांत सांगितले, तर त्या मुलाची खरी ठेव, म्हणजे घराचे पाठबळ, त्यांनी आपल्या हाताने बुडविली असे होईल. जामखेड आणि केरळ यांतील अंतराहून हे नुकसान लहान नाही.

आमचा सल्ला असा. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी चिरंजीवांस दोन महिने गावातील एखाद्या चांगल्या सुताराच्या हाताखाली घालावे, आणि त्या सुतारास शिकविल्याबद्दल रोख मोबदला द्यावा. फुकट शिकून घेऊ नये. दोन महिन्यांनी हातास घट्टे पडूनही उत्साह कायम असेल तर मुलाचा नाद खरा समजावा व त्याच्या आड येऊ नये. नंतर आय.टी.आय., उमेदवारी, शहरातील दोन-तीन वर्षे, आणि मग स्वतःचे दुकान, असा क्रम ठेवावा. उत्साह मावळला, तर दोन महिनेच गेले असे समजावे.

शेवटी एक गोष्ट सर्वच वाचकांस उद्देशून. सुताराची रोजी केरळात चढी व आमच्याकडे उतरती, ती कोणी आकाशातून ठरविलेली नाही. आमच्या गावचा भाव आम्ही घरमालक मंडळीच ठरवीत असतो. लॅमिनेटचा रंग निवडताना चौरस फुटास पन्नास रुपये अधिक मोजणारे आपण, सुताराच्या रोजीत पन्नास रुपये तोडण्यासाठी अर्धा तास घासाघीस करितो. काम संपल्यावर शेवटचा हप्ता 'पुढच्या आठवड्यात' म्हणून महिनाभर राखून ठेवितो. तेव्हा पुढच्या खेपेस घरी काम निघेल, त्या वेळी दर आधी कागदावर लिहून घ्यावा, दुपारचा चहा आठवणीने द्यावा, आणि काम पाहून पटले, की त्याच दिवशी पैसे चुकते करावेत. ज्या गावी अशी दहा घरे निघतील त्या गावचा सुतार पुण्याची वाट धरणार नाही, आणि त्या गावच्या एखाद्या शिकलेल्या मुलास रंधा हाती धरावासा वाटला, तर त्याच्या आजीसही मान खाली घालावी लागणार नाही.